मामांची दुर्बीण

करंजवाडी, ता. पाटण
६ ऑगस्ट २०२४

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

मागच्या महिन्यात तू मामीच्या फोनवर माझ्याशी बोललीस, त्यातलं मला "मामा" एवढंच कळलं. पुढे नळाला हवा आल्यासारखा आवाज. उभी नोकरी पलटणीच्या रायफली दुरुस्त करण्यात आणि गोळ्या झाडून बघण्यात गेली, त्यात कान माझ्या आधीच पेन्शनीत गेले. मामी मधे बसून निरोप सांगते, पण तिला पटेल तेवढाच सांगते. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. रानडुकरांनी यंदा कहर केलाय. भुईमूग अजून भरला नाही तोवर नांगरट केल्यासारखं रान उकरून टाकलं. फटाके वाजवले, जुन्या साड्या बांधल्या, बांधाशेजारच्या सोपानरावाने रात्रभर रेडिओ लावून ठेवला. डुकरं रेडिओ ऐकत भुईमूग खाऊन गेली. शेवटी मी अर्ज केला आणि वनखात्याने आपल्या शिवारापुरती डुकरं मारायची परवानगी दिली. शस्त्राचा परवाना माझ्याकडे आहेच. साताऱ्याच्या दुकानातून एक जुनी .३१५ रायफल स्वस्तात मिळाली. दस्त्याचं पॉलिश गेलंय, पण नळी आतून आरशासारखी आहे. दस्त्याला अळशीचं तेल पाजतोय. मामी म्हणते, एवढं तेल स्वतःच्या डोक्याला लावलं असतं तर केस राहिले असते.

आता तिच्यावर एक दुर्बीण बसवायची आहे. नवी भारीतली आपल्याला नको. तू चाकणला कंपनीत माल तपासतेस, चांगलं-वाईट तुला कळतं. पुण्यात जुनी, चांगली, परवडणारी मिळते का बघ. नळीच्या टोकावरच्या नेहमीच्या साध्या माशीवर निशाणा का धरत नाही असं विचारू नकोस. दुर्बिणीने काम नेमकं होतं, एवढंच.

तुझ्या आईला सांग, लोणचं पाठवतोय.

तुझा मामा,
जयसिंग


संत तुकाराम नगर, पिंपरी
१५ ऑगस्ट २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आज सुट्टी, म्हणून लगेच लिहिते आहे. एरवी कंपनीच्या बसमध्येच दिवस जातो. मोशीच्या पुढे बस अशी उभी राहते की माझ्या शेजारची दिव्या तिथे भाजी निवडून घेते.

दुर्बिणीची पहिली मोहीम झाली. नेटवर जाहिरात होती, हिंजवडीच्या एका आयटीवाल्याची. त्याने छऱ्याची बंदूक घेतली होती, बाल्कनीतली कबुतरं हाकलायला. बायकोने बंदूक माळ्यावर टाकली आणि दुर्बीण विकायला काढायला लावली. मी गेले तेव्हा ती दारातच होती. म्हणाली, "ताई, न्याच. पैसे नंतर दिले तरी चालतील." दुर्बीण दिसायला झकास आहे. पण .३१५ ला चालेल का, हे मला कळेना. पार्सल करण्याआधी तुम्हाला विचारते.

दुसरं, दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या दुकानात फार महाग सांगतात. भोसरीला माझ्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले आहेत, नागसेन म्हणून. आमच्या कंपनीला ते छोटे पार्ट बनवून देतात. ते म्हणाले, मामांनी मापं पाठवली तर ॲल्युमिनियमच्या कड्या मी करून देतो. माणूस फार नेटका आहे. आमच्याकडे त्यांचा माल कधीच परत जात नाही.

आई बरी आहे. लोणच्याची वाट बघते आहे.

तुमची,
स्वरूपा


करंजवाडी
२४ ऑगस्ट २०२४

चि. स्वरूपास आशीर्वाद.

ती आयटीवाल्याची दुर्बीण परत कर. छऱ्याच्या बंदुकीला धक्का तो कितीसा. आमची बाई गोळी सुटल्यावर खांद्यात लाथ घालते. दोन गोळ्यांत त्या दुर्बिणीतल्या काचा खुळखुळ्यासारख्या वाजायला लागतील. मोठ्या रायफलीचा धक्का सोसणारी म्हणून सांगून मागायची. फार लांबचं दाखवणारी नको. डुक्कर काही पलीकडच्या डोंगरावर उभं राहून भुईमूग खात नाही. साधी, मजबूत, काच स्वच्छ. पुण्यात कॅम्पाकडे जुनी दुकानं आहेत, तिथे विचार.

कड्यांची मापं वेगळ्या कागदावर काढलीत. नागसेनरावांना सांग की बसवायचं काम साताऱ्याचा दुकानदारच करील, परवान्याचा माणूस तो आहे. फक्त जागा मागे-पुढे करता येईल अशी सोय ठेवा. डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब राहिला पाहिजे. नाहीतर रायफल मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसते. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो. तरी दर तुकडीत एक जण भुवईला पट्टी लावून जेवायला यायचा.

या वयात नागसेनराव दुसऱ्याच्या कामासाठी एवढी तसदी घेतात, हे मोठेपण आहे. मशीनवर दिवसभर उभं राहून गुडघे धरत असतील. लोणच्याबरोबर निरगुडीचं तेल पाठवतोय. झोपताना कोमट करून लावायला सांग. त्यांना माझा नमस्कार.

मामा


पिंपरी
१३ सप्टेंबर २०२४

ती. मामा, साष्टांग नमस्कार.

मिळाली. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कपाटाच्या मागे होती. वरचा रंग उडालाय, पण काच लखलखीत. तुमचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. वाचून म्हणाले, "हे लिहिणाऱ्याला कळतं," आणि भाव आपण होऊन कमी केला.

कड्याही झाल्या. पहिली जोडी नागसेन यांनी स्वतःच मोडीत टाकली, कडेला केसाएवढा चरा होता. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, मामांना चालणार नाही. दुसरी जोडी मी कंपनीतून सुटल्यावर तपासली. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटतं.

तुमचं तेल पोचलं. ते त्यांच्या आईंच्या गुडघ्याला लावतात, कस्तुराबाई त्यांचं नाव. त्यांना फार उतार पडला. बाटली संपत आली असं त्या दोनदा म्हणाल्या, म्हणजे अजून हवंय.

पार्सल उद्या निघेल. निशाणा जुळवून झाला की कळवा. आई म्हणते, रानात एकटे बसू नका, सोबत कोण असतं?

स्वरूपा


करंजवाडी
२ ऑक्टोबर २०२४

चि. स्वरूपास आशीर्वाद.

दुर्बीण साताऱ्याला बसवून घेतली. कड्या उत्तम आहेत. निशाणा दुकानदाराच्या माणसाने रेंजवर जुळवून दिला.

पण दुर्बीण धूसर आहे. कॅम्पातल्या दुकानदाराने फसवलं तुला. आत बुरशी आली असणार. एकदा बसलो होतो, एक गोळी वाया गेली. भुवईला जरा खरचटलं, विशेष नाही. दुर्बीण काढून घेऊन परत पाठवतोय. दुसरी बघ, नाहीतर राहू दे.

नागसेनरावांच्या आई अजून आहेत हे वाचून आनंद वाटला. नव्वदीच्या असतील. तेल पाठवतोय.

मामा


पिंपरी
९ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

दुर्बीण आली. मी ती गच्चीवर नेली. मेट्रो स्टेशनचा बोर्ड वाचला, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकू पोहे परतताना दिसल्या, त्यात शेंगदाणे घातलेलेही दिसले. मग आईच्या हातात दिली. ती सहसा कशाला चांगलं म्हणत नाही, ती म्हणाली, "अगं, हे तर टीव्हीपेक्षा स्वच्छ आहे." नागसेन यांनीही बघितली. दुर्बिणीत काही दोष नाही.

रागावणार नसाल तर एक विचारते. तुमच्या भुवईला लागलं कसं? चार बोटं लांब राहायचं हे तुम्ही आख्ख्या पलटणीला शिकवलंत. तुम्ही डोळा जवळ नेलात, कारण लांबून दिसत नव्हतं. साधी माशी नको, दुर्बीणच हवी, हेही म्हणूनच ना?

डावा डोळा हाताने झाका आणि हे पत्र उजव्या डोळ्याने वाचा. वाचता आलं तर मी माफी मागेन आणि दुसरी दुर्बीण शोधेन. नाही आलं, तर पिंपरीला या. इथे डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, घर आहे, आई आहे, मी आहे.

स्वरूपा


करंजवाडी
१६ ऑक्टोबर

स्वरूपा बाळा,

मी कौशल्यामामी लिव्हतेय. अक्षराला हसू नगंस. फोनवर सांगितलं असतं, पण तुझी आई शेजारी असती आन् मग तिचा बीपी वाढतो.

तुझं पत्र आलं. ह्यांनी डोळ्यावर हात ठिवला, कागद लांब धरला, जवळ धरला, मग घडी करून खिशात ठिवला आन् गोठ्यात जाऊन बसले. जेवायला बी आले न्हाईत.

तुला ह्यांनी गोळी वाया गेली म्हणून कळवलं. वाया कुठली गेली. सोपानभावजींच्या मोटारसायकलीत गेली. त्यांनी बांधाला गाडी लावून वर काळा प्लास्टिकचा कागद टाकला व्हता, दव लागू नये म्हणून. सकाळच्या धुक्यात ह्यांना वाटलं, डुक्कर हाय. गोळी पार टाकीतनं गेली. भावजी चार पावलांवर खाली बसून शेंगा उपटत व्हते. ते उभे राहिले तवा ह्यांच्या हातातली रायफल गळून पडली. भावजी कुणाला बोलले न्हाईत, पोलिसात गेले न्हाईत. उलट ह्यांनाच धरून घरी आणलं, भुवईतनं रगत गळत व्हतं. तवापासनं हे झोपत न्हाईत नीट.

त्या दिवशीच मी बंदुकीचा मागचा खटका काढून पिठाच्या डब्यात ठिवलाय. मागितला तर म्हणते, पीठ संपंल तवा गावंल.

तू न्हेच ह्यांना. म्या म्हणून न्हाई ऐकायचे. तू बोलावलंस असं झालं तर येत्याल. मोतीबिंदू हाय, मला दोन वर्सं दिसतोय त्यांच्या डोळ्यात, ढगावानी. त्यांना सोडून सगळ्यांना दिसतोय.

तुझी मामी


पिंपरी
२३ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

दिवाळीनंतरच्या शुक्रवारची, ८ नोव्हेंबरची, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारच्या एसटीने निघा, मी नाशिक फाट्याला उभी असेन. मी शिफ्टमध्ये अडकले तर नागसेन येतील. ते तुम्हाला ओळखतील, मी फोटो दाखवला आहे.

मामा, तुम्ही त्यांना ओळखाल का, ते मला सांगता येत नाही. भेटल्यावर बोलू.

स्वरूपा


करंजवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास आशीर्वाद.

घरी येऊन आठवडा झाला. उजव्या डोळ्याने आता मला समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या दिसतात आणि मामीच्या डोळ्यांतला राग पण दिसतो. थेंब वेळेवर घालतोय. सोपानरावाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे हात जोडून आलो. तो म्हणाला, नवी टाकी जुनीपेक्षा झकास दिसते, बस आता. माणूस मोठा आहे.

आता दुसरं लिहितो. पिंपरीला आलो त्या दिवसापासून मनात आहे.

नाशिक फाट्याला मी उतरलो आणि पांढऱ्या केसांचा माणूस शोधत होतो. एक तिशीचा पोरगा पुढे आला, पाया पडला आणि माझी पिशवी घेतली. मी त्याला म्हणालो, "नागसेनरावांनी पाठवलं का तुला?" तो म्हणाला, "मामा, मीच नागसेन." मला ऐकू आलं नाही म्हणून त्याने तळहातावर बोटाने लिहून दाखवलं. मी तिथे उभ्या उभ्या सगळी पत्रं आठवली. त्याच्या गुडघ्यांना तेल पाठवणारा मी आणि ते खुशाल पोचवणारी तू.

त्याने माझी काळजी घेतली, ते मी विसरणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी तू आणि तुझी आई बाहेर बसला होता, पण आत जाताना माझा हात त्याच्या हातात होता. डॉक्टर काय म्हणतात ते तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मला दाखवायचा, कंटाळा न करता. एकदा तर डॉक्टर हसले, तर तेही लिहिलं, "डॉक्टर हसले."

तरी सांगतो, तुमचं लग्नाचं ठरलंय हे तू मी निघताना सांगितलंस, आणि परतीच्या एसटीत मी तुझ्यावर रागावलेला होतो. तू लपवलंस म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. कराड येईपर्यंत कळलं की ते खरं नाही. त्याचं नाव वाचलं तेव्हाच तो कोणत्या समाजाचा ते मला कळलं होतं. वर्कशॉपवाला म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं, मी नमस्कार पाठवला होता. जावई म्हणून वाटलं. पलटणीत आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकांच्या रक्ताच्या बाटल्या घेतल्या. आणि घरात यायची वेळ आली तर मला भावकी आठवली, भावकीतले सगळ्यांत थोरले नानासाहेब आठवले. हे मला माझंच आवडलं नाही. पण आहे ते लिहिलं.

तुझ्या आईने तुला काय सांगितलंय, ते मला खरं कळव.

मामा


पिंपरी
३ डिसेंबर २०२४

ती. मामा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी थोडी रडले, पण तुमच्यावर रागावले नाही. दुसऱ्या कुणी एवढं सरळ लिहिलं नसतं. मी मात्र सरळ लिहिलं नाही. तुम्ही त्यांना म्हातारं समजलात तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आधी तुम्हाला ते माणूस म्हणून आवडू देत, मग सांगू, असं वाटलं.

आई म्हणते, "जयसिंग हो म्हणाला तर मी नाही म्हणायची नाही." बाबा गेल्यापासून तिने प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून केली. माझं दहावीनंतरचं शिक्षणही. त्यामुळे सगळं ओझं तिने तुमच्या डोक्यावर ठेवलंय, ते मला कळतं. तिला नागसेन आवडतात. कस्तुराबाईंकडे गेल्या संक्रांतीला जाऊन आली होती. पण साताऱ्याकडचे लोक काय म्हणतील, हे म्हणताना तिचा आवाज बारीक होतो.

मामा, लग्न आम्ही करणारच आहोत. उन्हाळ्यात, नोंदणी पद्धतीने. तुम्ही आला नाहीत तर मी रुसणार नाही, पण त्या दिवशी दरवाज्याकडे बघत राहीन.

तुम्ही सावकाश विचार करा. मी घाई करणारं पत्र पुन्हा लिहिणार नाही.

तुमची,
स्वरूपा


करंजवाडी
१४ जानेवारी २०२५

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

तू वाट बघत असशील. मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं आधी करायचं होतं. आता केलं. क्रमाने सांगतो.

शाळू पोटरीत आला, कणसं बाहेर पडायच्या बेतात आली, तशी डुकरं परत सुरू झाली. पिंपरीहून परत आणलेली दुर्बीण मी साताऱ्याला पुन्हा बसवून, निशाणा जुळवून घेतली होतीच. मामीने पिठाच्या डब्यातला खटका काढून दिला, पण एका अटीवर. मला दिसतं आता, पण ऐकू येत नाही. रानात ऐकणारा माणूस बरोबर पाहिजे. सोपानराव म्हणाला, मी येईन, पण तुझ्या पुढे बसणार नाही. मग मी सरळ नागसेनला पत्र टाकलं, ये म्हणून. गेल्या शनिवारी तो तुला कोल्हापूरला माल पोचवायला जातो म्हणाला ना? मीच तसं सांगायला लावलं. त्याला रागावू नकोस. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात म्हणे, तुला फोनवर दिसले नसतील.

पहाटे जाऊन आम्ही रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो. थंडी अशी की रायफलीची नळी हाताला चावत होती. दिसायला लागेपर्यंत मी बोट चापावर नेणार नाही, हे आधीच ठरवलं होतं. उजाडायला लागलं. तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला. एकदम त्याने माझा दंड दाबला आणि ओढ्याकडे बोट केलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी दुर्बिणीतून बघितलं, चार बोटं लांबून. शाळूची ताटं हलत होती, पण मी थांबलो. कान, सुळे, पाय, सगळं दिसेपर्यंत थांबलो. एवढा मोठा एकला नर मी बऱ्याच वर्षांत बघितला नाही. मागे बांधाची माती आहे, माणूस नाही, हे बघितलं आणि गोळी सोडली. तो जागीच बसला.

मग जत्रा. आवाजाने सगळं गाव पातेली, डबे घेऊन आलं. वनखात्याचा माणूस आला तोही फावडं घेऊन. त्याने पंचनामा केला, खड्डा खणायला लावला, डुक्कर त्यात टाकलं आणि वर रॉकेल ओतलं. नियमच तसा आहे. पातेली घेऊन उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे बघायला तू पाहिजे होतीस. एक जण म्हणाला, निदान रॉकेल तरी वाया घालवायचं नव्हतं. नागसेन खड्डा खणायला सगळ्यांत पुढे होता.

तेव्हा नानासाहेबांनी विचारलं, हे पाहुणे कोण. त्यांनी हळू विचारलं असणार, मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मामी माझ्याकडे बघत होती, नागसेन फावडं धरून मातीकडे बघत होता. मी म्हणालो, "हा नागसेन. आपल्या स्वरूपाचा होणारा नवरा. भोसरीला याचं वर्कशॉप आहे."

मला वाटलं मी हळू म्हणालो. मामी म्हणते, वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं.

नानासाहेबांनी पाठ फिरवली. काठी टेकत घरी गेले. भावकीतले दोघं-तिघंही त्यांच्या मागे गेले. उद्या ते काय म्हणतील ते म्हणू देत. सोपानराव मात्र पुढे आला, त्याने नागसेनच्या हातातलं फावडं घेतलं आणि म्हणाला, "पाहुण्यांकडून काम करून घ्यायची रीत नाही आपल्यात. चला, चहाला माझ्याकडे." सगळ्यांच्या देखत घेऊन गेला. त्याच्या सुनेने, रुपालीने, पोहे केले. मीही गेलो. उरलेली माणसं हळूहळू मागून आली.

दुपारी तुझ्या आईला मामीच्या फोनवरून फोन केला. मी सांगितलं, मला मंजूर आहे, तू आता रडू नकोस, आणि माझं पत्र पोचेपर्यंत स्वरूपाला काही सांगू नकोस. ती बराच वेळ बोलत होती. काय म्हणाली देव जाणे. मामी म्हणते, चांगलं बोलली. मामीवर माझा आता विश्वास बसायला लागलाय.

आपल्याकडे मुलीकडच्यांनी जाऊन रीतसर बोलणी करायची असतात. तर येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. कस्तुराबाईंना सांग की जेवणाचा घाट घालू नका, आणि मग त्या घालतीलच. मामी त्यांच्यासाठी साडी घेऊन बसलीय. ती म्हणते मोरपंखी, मी म्हणतो अंजिरी, आणि दुकानदार गेले दोन दिवस आम्हाला बघून शटर खाली ओढतोय.

तुझा मामा,
जयसिंग